ज्याचे दुःख, त्याचा निर्णय
(स्वयंसेवकांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

27 ऑगस्ट 2025 हा गणेश चतुर्थीचा दिवस. तो उजाडण्याआधीच, मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली असताना, विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली अनधिकृत इमारतीचा मागचा भाग कोसळला. 17 माणसे गेली. गल्ली इतकी अरुंद की अवजड यंत्रे सुरुवातीला आत जाईनात, त्यामुळे एनडीआरएफ आणि अग्निशमन दलाच्या जवानांना बराच मलबा हातांनी उपसावा लागला. बाधित कुटुंबांची तात्पुरती सोय महापालिकेने चंदनसारच्या समाजमंदिरात केली.

समाजमंदिर म्हणजे एरवी बारसे, साखरपुडा, मंडळाची सभा यांची जागा. त्याचा एका रात्रीत निवारा होतो तेव्हा काय काय लागते, याचा विचार बहुतेकांनी कधी केलेला नसतो. पूर, आग, दरड, इमारत, कारण कोणतेही असो, अशा निवाऱ्यांचे चित्र महाराष्ट्रभर सारखेच दिसते. पहिल्या दिवशी दुपारी चार-पाच ठिकाणांहून एकदम पुलावाची पातेली येतात आणि रात्री उशिरा तान्ह्या बाळासाठी दूध मिळत नाही. बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग लागतो, पण आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या असतात आणि गोळीचे नाव कोणालाच आठवत नसते. दारात मदतीला उभे असलेले सगळे पुरुष कार्यकर्ते. पाळी आलेल्या मुलीने पॅड मागायचे कोणाकडे? मोबाइल चार्ज करायला दोनच प्लग आणि रांगेत वीस जण, कारण गावाकडून फोनवर फोन येत असतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले, घराच्या व्यवहाराची कागदपत्रे यांतले हाती काहीच नाही, आणि नुकसानभरपाईच्या अर्जाला नेमके तेच सगळे जोडायचे असते.

या यादीतली बरीच कामे फोटोत न येणारी आहेत. कोणाला कोणती गोळी लागते हे बसून लिहून घेणे, प्रभाग कार्यालयात सोबत जाऊन अर्ज भरणे, शाळेत फोन करून मुलांची परिस्थिती कळवणे, रात्री दोन ते सहाची पाळी करणे. पुलाव आणायला माणसे मिळतात, या कामांना मिळत नाहीत. असे का होते आणि काय केले तर होणार नाही, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

एक म्हणणे या सगळ्या पानांतून धरून ठेवले आहे, ते आधीच सांगून टाकतो. मदत किती केली याचे माप आपण सहसा देणाऱ्याकडून घेतो: किती तास, किती किलो, किती लांबचा प्रवास. आमच्या मते माप घ्यायचे ते दुसऱ्या टोकाकडून. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याच्या हातात, आपण गेल्यामुळे, जास्त निर्णय आले की होते तेही गेले? आज काय जेवायचे, मूल कुठे शिकेल, घर कसे बांधायचे, आपला फोटो काढू द्यायचा की नाही, हे ठरवणारा माणूस तोच राहिला का? या प्रश्नाला होकारार्थी उत्तर मिळाले, तर एका तासाची सेवाही मोलाची. नकारार्थी मिळाले, तर सहा महिन्यांचा त्यागही शंकास्पद.

आता आपल्या भागाचे बोलू. वसई-विरारमध्ये मदतीच्या वृत्तीचा दुष्काळ कधीच नव्हता. जुलै 2018 च्या पावसात मिठागरात माणसे अडकली, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा सरकारी यंत्रणेच्या जोडीने आजूबाजूची माणसे जेवण-पाणी घेऊन धावली. इथल्या गणेशोत्सव मंडळांतली पोरे दोनशे माणसांचा स्वयंपाक, मांडव, जनरेटर, रांग सांभाळणे हे सगळे झोपेतही करू शकतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या भाषेत ज्याला प्रशिक्षित मनुष्यबळ म्हणतात ते आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. फक्त त्याला स्वतःचे हे नाव ठाऊक नाही.

अडचण वेळेची आहे आणि सवयीची आहे. इथला नोकरदार पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री चेंगरून परत येतो. त्याच्याकडे सेवेसाठी उरतो तो रविवार. रविवारी होण्यासारखे काम म्हणजे वाटप. म्हणून वह्या वाटप, छत्री वाटप, ब्लँकेट वाटप. वहीच्या मुखपृष्ठावर दात्याचा हसरा फोटो, मागच्या पानावर पाढे. वही मुलाच्या उपयोगाची असतेच, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या शाळेत वह्यांची कमतरता होती की गणिताच्या शिक्षकाची, हे विचारायला एक फोन पुरला असता.

दुसरी रविवारची सवय म्हणजे मोखाडा-जव्हारची सहल. थंडी सुरू झाली की मुंबई, ठाणे, वसईहून गाड्या भरून ब्लँकेट आणि जुने कपडे पाड्यांवर जातात. तिथे पोहोचल्यावर अनेक घरांना कुलूप किंवा दारात फक्त म्हातारी माणसे. पाहुण्यांना वाटते, गाव लाजरे आहे. खरी गोष्ट अशी की भाताची कापणी आणि दिवाळी उरकली की पाडाच्या पाडा कामासाठी खाली उतरतो, भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, विरार-नालासोपाऱ्याच्या बांधकामांवर. ज्यांना ब्लँकेट द्यायला आपण घाट चढून गेलो ती माणसे आपल्याच घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नाक्यावर उभी असतात. त्यांना तिथे ब्लँकेटपेक्षा मजुरीचा हिशोब वाचून दाखवणारा, उचल किती फिटली हे कागदावर मांडणारा माणूस हवा असतो.

हे ज्यांनी ओळखले त्यांची दोन उदाहरणे याच पालघर जिल्ह्यात आहेत. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला बालशिक्षणाच्या कामासाठी आल्या आणि पुढे ते काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण कोणी गुरे राखते, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसते. आई-बापांना दोष देण्याऐवजी या दोघींनी शाळा मुलांच्या मागे नेली. गुरे चरतात त्या माळावर कुरणशाळा भरली, पाड्यातल्या अंगणात अंगणवाडी भरली. महागड्या परदेशी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या आल्या. आज देशभर सरकारी योजनेत जे अंगणवाडी हे नाव चालते त्याचे मूळ इथे आहे. नंतरच्या काळात, 1990 च्या दशकात, वसई तालुक्यात काम करणाऱ्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर कच्च्या विटा रचून केलेली मजुराची झोपडी. जिथे ती, तिथे शाळा. दोन्ही ठिकाणी बाहेरून आलेल्या माणसाने स्वतःच्या सोयीचे वेळापत्रक सोडले आणि समोरच्याचे धरले. आमच्या लेखी सेवेतल्या नीतीचा हा पहिला धडा आहे, आणि तो शिकायला विरारहून डहाणू लोकल पुरते.

मुलांच्या बाबतीत जरा थांबून लिहिणे भाग आहे, कारण चांगल्या हेतूने सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. आपल्याकडे वाढदिवस आश्रमात साजरा करायची पद्धत पडली आहे. पालघर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्येही पाहुणे केक घेऊन जातात आणि परतल्यावर समाजमाध्यमांवर अनाथ मुलांसोबतचे क्षण म्हणून फोटो टाकतात. आश्रमशाळेतले मूल सहसा अनाथ नसते. त्याचे आई-बाप पाड्यावर असतात किंवा कामावर गेलेले असतात, आणि सुट्टीत ते घरी जाते. त्याच्या हयात आई-बापांना आपण एका ओळीत मारून टाकतो.

जगात याच चुकीतून एक मोठा धंदा उभा राहिला. कंबोडिया, नेपाळ यांसारख्या देशांत परदेशी पाहुण्यांना काही दिवस अनाथाश्रमात सेवा करायची हौस वाढली, त्यासाठी ते पैसे मोजू लागले, आणि मागणी वाढल्यावर आश्रमही वाढले. त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कित्येकदा दोघेही, जिवंत असल्याचे पाहण्यांतून पुढे आले. चांगले शिक्षण मिळेल असे सांगून गरीब घरांतून मुले आणली जात होती. पाहुणा दोन आठवडे जीव लावतो आणि निघून जातो, मग दुसरा येतो. लहान मुलाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा तुटणे येते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेतील चौकशीने आधुनिक गुलामगिरीच्या चर्चेत अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराला स्थान दिले, आणि डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली.

आपल्या कायद्यातही याविषयी स्पष्टता आहे. बाल न्याय अधिनियम 2015 नुसार मुलांना ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे छायाचित्र वा माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 पासून लागू आहे. तरीही, कोणतीही चौकशी न करता अनोळखी माणसाला मुलांच्या खोलीत जाऊ देणाऱ्या संस्था आहेत, आणि ती संस्था किती मोकळी म्हणून तिचे कौतुक करणारे स्वयंसेवकही आहेत. ओळखपत्र मागणारी, पोलीस पडताळणी करायला लावणारी, मुलांसोबत एकटे न सोडणारी संस्था आपल्याला कोरडी वाटते. आपल्या स्वतःच्या मुलासाठी आपण नेमकी तीच शाळा शोधत असतो.

मोठ्या आपत्तीत काय होते ते पाहायला किल्लारीकडे जावे लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरत असताना, भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. साऱ्या देशातून मदत आली. पुढची काही वर्षे पुनर्वसन चालले. त्यात एक वेगळी गोष्ट घडली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. घर दुरुस्तीचे अनुदान कसे मिळते, भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची, इंजिनिअरला काय विचारायचे, हे त्या शिकल्या आणि घरोघरी जाऊन सांगू लागल्या. ज्यांना आदल्या वर्षी मदत घेणारे म्हणून मोजले होते त्यांनी गावाच्या बांधकामावर देखरेख केली. 2001 च्या जानेवारीत कच्छ हादरले तेव्हा लातूरच्या बायका तिथल्या बायकांना सांगायला गेल्या. तंबूत राहिलेल्या बाईला तंबूतल्या बाईच्या अडचणी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

याच भूकंपातले आणखी एक काम सांगण्यासारखे. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. मुलांना घरापासून दूर नेणे ही साधी गोष्ट नाही, आणि आम्ही वर जे लिहिले त्याच्याशी ती ताडून पाहायला हवी. फरक जबाबदारीच्या लांबीचा आहे. मुले आणली ती शिक्षण पुरे करण्यासाठी, आणि ते काम वर्षानुवर्षे चालले. दोन आठवड्यांच्या जिव्हाळ्याशी त्याची तुलना होत नाही. ज्याला दहा वर्षे देता येत नाहीत त्याने दहा वर्षांचे नाते सुरू करू नये, इतका साधा हा नियम आहे.

आता विरुद्ध टोक. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून इतके जुने कपडे आले की नागपट्टिणमच्या रस्त्यांच्या कडेला त्यांचे ढीग कुजत पडले. मदतीचे कपडे ज्याने कधी निवडले आहेत त्याला त्या ढिगात काय असते ते माहीत आहे: परकर-ब्लाउजशिवाय साड्या, जोडीतला एकच बूट, गुंड्या तुटलेले शर्ट, लग्नातले जरीचे कपडे, बर्फाळ प्रदेशातले जाकीट. निवडायला वीस माणसांचे दोन दिवस जातात, आणि ती वीस माणसे सहसा तिथलीच, आपले घर सावरायचे सोडून आलेली असतात. गूंज या संस्थेने यातून धडा घेऊन कपड्याला कामाशी जोडले. गाव स्वतःचे रस्ते, विहिरी, बांध ठरवते आणि करते, कपडे मिळतात ते त्या श्रमाचा मोबदला म्हणून. कपडा तोच राहिला, पण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली नाही. संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या विचाराला.

परदेशात जाऊन सेवा करण्याची गोष्ट निघाली की मराठी माणसाने सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव घ्यावेच. पण त्यागाच्या जयजयकारात त्यांच्या कामाची रीत झाकली जाते. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनकडून, जनरल चू तेह यांच्याकडून, पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी आली. म्हणजे बोलावणे आधी आले. मागितली ती नेमकी गोष्ट, शल्यचिकित्सा जाणणारे डॉक्टर, आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. कोटणीस चिनी भाषा शिकले, युद्धआघाडीजवळ शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवले. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, ते तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला. निमंत्रण, नेमके कौशल्य, भाषा आणि मागे शिकवून ठेवलेली माणसे, या चार गोष्टींवर आजची कोणतीही परदेशी स्वयंसेवा तपासून पाहता येते.

आज पुण्या-मुंबईच्या, आणि आता वसई-विरारच्याही, महाविद्यालयीन मुलांसमोर सहा आठवड्यांच्या परदेशी सेवेच्या जाहिराती येतात. शुल्क भरा, इंग्रजी शिकवा, प्रमाणपत्र घ्या. ज्या मुलाला आपल्या प्रभागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात कोणी इंजेक्शन देऊ देणार नाही, त्याने दुसऱ्या देशातल्या खेड्यात ते का द्यावे? तिथल्या गरिबाचे शरीर सरावासाठी नाही. पर्यटक व्हिसावर काम चालते का, भरलेल्या शुल्कातले गावात किती पोहोचते, आपण शिकवायला गेलो म्हणून तिथल्या एखाद्या शिक्षकाची नोकरी तर जात नाही ना, हे निघण्याआधी विचारायचे.

उलट दिशेचा प्रवासही आहे. अमेरिकेत वाढलेली मराठी मुले उन्हाळ्यात आजोळी येतात आणि दोन आठवडे कुठल्यातरी संस्थेत सेवा करतात, बरेचदा विद्यापीठाच्या अर्जात लिहिण्यासाठी. त्यांना हसू नये. त्यांनी ते कबूल करावे, म्हणजे संस्थेला त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते ठरवता येते. बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीचे नावच पाहा. श्रमातून तरुणावर संस्कार व्हावा हा हेतू तिथे उघड सांगितलेला आहे, गावावर उपकार केल्याचा आव नाही. 1969 पासूनची राष्ट्रीय सेवा योजना विद्यार्थ्यांकडून वर्षाला 120 तासांची सेवा घेते, तीही शिक्षणाचाच भाग म्हणून. स्वतः शिकायला जाण्यात काही गैर नाही. शिकायला गेलो आणि शिकवून आलो असे सांगणे गैर. परदेशी मराठी कुटुंबांनी आणखी एक वाट दाखवली आहे. 1978 साली अमेरिकेत स्थापन झालेले महाराष्ट्र फाउंडेशन इथे आधीपासून पाय रोवून असलेल्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी उभे राहते आणि त्यांना पुरस्कार देते. लांब राहणाऱ्याने जवळच्यावर विश्वास टाकण्याची ही पद्धत विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्त आहे आणि जास्त उपयोगी.

तज्ज्ञांसाठी गडचिरोलीचा दाखला पुरे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत नवजात बाळांची काळजी गावातल्याच शिकवलेल्या बायकांच्या हाती दिली. तीन वर्षांत नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला आणि 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. दोन निष्णात डॉक्टरांनी रोज किती बाळे तपासली असती, याचा हिशोब करून पाहावा. आपल्याकडच्या रविवारच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजतात, पंधरा दिवसांच्या गोळ्या देतात आणि सोळाव्या दिवसाचे काय हे कोणी सांगत नाही. त्याच डॉक्टरांनी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या आशाताईसोबत महिन्यातून एक दुपार बसायचे ठरवले, तर शिबिराचा बॅनरही लागणार नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की इतके प्रश्न विचारत बसलो तर मलब्याखालच्या माणसाला कोण काढणार? बरोबर आहे. पहिल्या काही तासांत प्रश्न विचारायचे नसतात. रक्त द्यायचे, रस्ता मोकळा करायचा, रुग्णवाहिकेला वाट द्यायची, जवान सांगतील ते करायचे आणि ते नको म्हणतील तिथून दूर व्हायचे. प्रश्न सुरू होतात दुसऱ्या दिवसापासून, आणि बहुतेक स्वयंसेवा ही दुसऱ्या दिवसानंतरचीच असते. दुसरा आक्षेप पैशाचा: फोटोशिवाय देणगी येत नाही. हेही खरे आहे. पण फोटो रांधणाऱ्या हातांचा काढता येतो, भरलेल्या गोदामाचा काढता येतो, माणसाची परवानगी घेऊन त्याने सांगितलेल्या रूपातही काढता येतो. वाटप घेताना मान खाली घातलेल्या बाईचाच काढला पाहिजे असा दात्यांचा आग्रह असेल, तर तशा दात्याला नाही म्हणायची तयारी संस्थेने ठेवावी.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग शेजारच्या कामाचा: निवारा, पूर, नाका, भट्टी, दवाखाना. दुसरा मुलांसोबत काम करण्याचा, त्यात काय करू नये हे काय करावे याच्या आधी ठेवले आहे. तिसरा परदेशी जाणाऱ्यांसाठी आणि परदेशातून येणाऱ्यांसाठी. शेवटी संस्थांसाठी एक छोटे प्रकरण आहे, कारण स्वयंसेवकाला काम नीट सांगणे, त्याला नको तेव्हा नाही म्हणणे आणि त्याने केलेल्या चुकीची जबाबदारी घेणे हे संस्थेचे काम आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरी जागा सोडली आहे. तिथे आपल्या भागातल्या दवाखान्याचा, प्रभाग कार्यालयाचा, पोलीस ठाण्याचा आणि मंडळाच्या दोन भरवशाच्या माणसांचा नंबर लिहून ठेवावा. तो छापून देता आला नसता, कारण तो प्रत्येक गल्लीचा वेगळा.

ज्यांच्यापर्यंत ही पुस्तिका पोहोचेल त्यांतले बहुतेक जण पट्टीचे समाजसेवक नसतील. लोकलने ये-जा करणारे, घर-संसार सांभाळून महिन्यातले काही तास देऊ इच्छिणारे असतील. त्यांनी वेळ कमी आहे म्हणून संकोच करू नये. फक्त तो वेळ कुठे खर्च करायचा हे ठरवण्यापूर्वी, ज्याच्यासाठी जायचे त्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर आपल्या बेताविरुद्ध गेले तर बेत बदलावा.